आईच्या नावापुढचं शून्य

दिवाकर ढोमणे म्हणजे यादीचा माणूस. किराण्याची यादी, पाहुण्यांची यादी, आपण कोणाकोणाच्या लग्नाला गेलो आणि त्यातलं कोण आपल्याकडे फिरकलंच नाही याची यादी. ही शेवटची तर त्याची खास लाडकी. बायको विनता शाळेत मास्तरीण, जिभेला धार. ती म्हणायची, "मंगलाष्टकं चालली होती तेव्हाही हे अंतरपाटाच्या पल्याड उभे राहून मुंड्या मोजून राहिले होते." दिवाकर हसायचा, पण नाकबूल करायचा नाही. कारण त्यानं मोजल्या होत्या.

वडील पुंडलिकराव आर्वीकडून जबलपूरच्या फॅक्टरीत चिकटले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. मग राज्यं नव्यानं आखली. आर्वी तिकडे महाराष्ट्राकडे गेली, फॅक्टरी इकडे मध्य प्रदेशात राहिली, आणि पुंडलिकराव फॅक्टरीबरोबर राहिले. घरात मराठी, ओट्यावर हिंदी, अशी दिवाकरची वाढ झाली. वडील गेल्याला आता बारा वर्षं झाली होती. घरी आई, विनता आणि तो. लेक लग्न होऊन रायपूरला. सालही सांगून टाकतो, दोन हजार सहा.

नोकरी म्हणाल तर कॉम्प्युटर ऑपरेटर. सदर नावाच्या वस्तीत एका जुन्या बंगल्यात एका संस्थेचं केंद्र होतं. आसपासच्या जिल्ह्यांत अकरा महिला-आश्रम. रस्त्यावर, स्टेशनात, घाटावर सापडलेल्या, नाव-गाव धड न सांगू शकणाऱ्या बाया तिथं आणून ठेवायच्या. अकराच्या अकरा आश्रमांची नोंद दिवाकरच्या एका कॉम्प्युटरवर. त्यात दोन टेबलं, म्हणजे तक्ते. एकाचं नाव 'आवक', म्हणजे आश्रमात आलेल्या बाया, प्रत्येकीला एक क्रमांक; हे आश्रमांतूनच भरून यायचं. दुसऱ्याचं नाव 'तक्रार', म्हणजे कोणाची आई, बहीण, बायको हरवली ते. तक्रारीतली बाई आश्रमात सापडली की तिचा आवक क्रमांक तिच्या तक्रारीपुढे टाकायचा. जोवर सापडली नाही तोवर तिथं शून्य.

आणि रोज सकाळी दहा वाजता दिवाकर एक क्वेरी चालवायचा, म्हणजे कॉम्प्युटरला एक प्रश्न टाकायचा. आवकमधल्या अशा बाया काढ, ज्यांचा क्रमांक तक्रारीत कुठंच नाही. म्हणजे आलेल्या, पण ज्यांना कोणी शोधत आलं नाही अशा. केंद्रात या कागदाला 'बची हुई' म्हणायचे. दिवाकर मनात 'उरलेल्या' म्हणायचा. रोज दहा-पंधरा नावं निघायची. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात जायचे, ठाण्यांत जायचे, मग कोणीतरी धावत यायचं. दोन्हीकडे जुळलेल्यांचं काय, त्यांचं सगळं झालेलंच असतं. खरं काम या उरलेल्यांचं, असं तो म्हणायचा, आणि त्या एका बाबतीत तो शंभर टक्के बरोबर होता.

तर अशा माणसाची आई हरवली.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मंगळवार. इंदिराबाई, वय सत्तर. दोन वर्षांपासून विसरायच्या. चहात साखर दोनदा, भाजीत मीठ एकदाही नाही. शेजारणीला कधी नणंद समजायच्या. पण दिवाकरला ओळखायच्या. सकाळी उठल्या की पहिली हाक त्यालाच. त्या सकाळी दिवाकरनं दूध आत घेतलं, फोन वाजला, तो फोनकडे गेला आणि दाराची कडी राहिली. बोलणं चार मिनिटांचं. परत आला तर दार उघडं, आईच्या चपला जागेवर, आई नाही.

मग काय काय नाही केलं त्यानं! नर्मदेवरचा ग्वारीघाट पालथा घातला, स्टेशनाचे सगळे फलाट, मदन महलच्या वाटा, सदरची प्रत्येक गल्ली. देवळं झाली, गुरुद्वाऱ्याचा लंगर झाला, सरकारी दवाखान्याचे वॉर्ड झाले. दुसऱ्या दिवशी शवागारात जाऊन तीन चादरी वर करून पाहिल्या. तिसरी चादर सोडताना त्याला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की बाहेर येऊन तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. अकराही आश्रमांना फोन केले. कुठंच नव्हती, आणि ते खरंच होतं. तोवर ती कुठंच पोचली नव्हती.

बुधवारी दुपारी ठाण्यात तक्रार लिहिली. ती तक्रार केंद्रात आली. आता ती टेबलात कोण भरणार? दुसरा ऑपरेटर कुठं होता! दिवाकरच बसला. नाव : इंदिरा पुंडलिक ढोमणे. वय : सत्तर. रंग गोरा, हनुवटीवर गोंदण, हिरवी साडी. बोटं आपोआप चालली होती. शेवटचा रकाना आला. आवक क्रमांक. इथं शून्य टाकायचं. हजार वेळा टाकलेलं शून्य, न पाहता टाकलेलं.

त्याचं बोट नाही चाललं. आईच्या नावापुढे शून्य! जिवंत माणसाच्या नावापुढे असं काही लिहितात का? अभद्र ते. घरात कोणी "जातो" म्हणायच्या जागी "येतो" म्हणतं, दिवा विझला म्हणत नाहीत, निवला म्हणतात, त्याच संस्कारातलं ते बोट. ते कीबोर्डवरून मागे आलं. येईल की चार दिवसांत आई, मग खरा क्रमांकच टाकू, असं म्हणून त्यानं तो रकाना रिकामा सोडला आणि नोंद जतन केली.

आता इथं मला राग येतो, खरं सांगतो. कारण हा माणूस अडाणी नव्हता. हा रकाना रिकामा सोडला तर काय होतं हे अख्ख्या केंद्रात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो हाच. दोन वर्षांपूर्वी एका हंगामी ऑपरेटर पोरीनं असाच एक रकाना रिकामा सोडला होता, तेव्हा यानं तिला बोलून बोलून रडवलं होतं. पण आई हरवलेल्या माणसाचं डोकं जागेवर असतं होय!

गुरुवारी सकाळी दहाला त्यानं क्वेरी चालवली. पडद्यावर एकही ओळ आली नाही. उरलेल्या : कोणी नाही. एरवीचा दिवाकर खुर्चीतून उडाला असता. काल चौदा बाया होत्या, आज एकदम सगळ्यांचं कोणी आलं? पण त्या दिवशी त्याला एकच प्रश्न होता, आई आहे का? नाही. बस्स. तो टोपी घालून पुन्हा शोधायला निघाला.

शुक्रवारी कोरी. शनिवारी कोरी. केंद्राच्या मॅडम तर खूश. "दिवाकर जी, सब मैच हो गए? चलो, अच्छा है।" वर्तमानपत्राला फोटो गेले नाहीत. जायचे कसे, यादीत कोणी असेल तर ना! सोमवारपासून दिवाकर दिवसातून पाच-पाच वेळा क्वेरी चालवायला लागला. सकाळी आल्यावर, चहाच्या आधी, चहाच्या नंतर. दर वेळी तेच कोरं पान. त्या कोऱ्या पानानं त्याला आतून खाऊन टाकलं. अकरा आश्रमांत आलेली प्रत्येक बाई या कॉम्प्युटरमधून जाते. म्हणजे आई कोणाच्याच हाती लागली नाही. म्हणजे नर्मदेत, नाही तर रुळांवर. हा विचार त्यानं विनतालाही सांगितला नाही. पण जेवण सुटलं, दाढी वाढली, आणि कपाटातल्या आईच्या साड्या विनतानं उन्हात घातल्या तर तो तिच्या अंगावर धावला. "काहून हात लावून राहिली तिच्या कपड्यांना? मेली का ती?" विनतानं साड्या तशाच आत नेल्या.

त्या दिवसांत एक माणूस रोज केंद्रात यायचा. श्यामसुंदर त्याचं नाव, शहराच्या गढा भागात शिवणकाम करायचा. त्याची मोठी बहीण भानुमती बसस्टँडावर हरवली होती, जरा भोळसट बाई. तो दाराशी उभा राहून विचारायचा, "भैया, आज कुछ निकला?"

"नहीं जी. लिस्ट खाली है."

"एक बार और देख लो न भैया."

आठवडाभरात दिवाकरनं त्याला पाच वेळा परत पाठवलं. पाचव्यांदा तर मानही वर केली नाही. वर म्हणाला, "मेरी खुद की माँ नहीं मिल रही, भैया, मैं क्या करूँ?" त्यावर श्यामसुंदरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

दहावा दिवस, गुरुवार. साडेअकराला बरगीच्या वाटेवरच्या आश्रमातून सत्यवती दीदींचा फोन आला. त्या तिथल्या अधीक्षिका, जाड आवाजाची, कामाला चोख बाई. आज त्या चिडलेल्या होत्या.

"ढोमणे जी, आप लोग सो रहे हो क्या? मेरे यहाँ पाँच औरतें बैठी हैं हफ्ते भर से. न फोटो छपी, न थाने से कोई आया. लिस्ट भेजनी बंद कर दी है क्या?"

"लिस्ट में कोई है ही नहीं, दीदी."

"अरे कैसे नहीं है! पाँच तो मेरे सामने चाय पी रही हैं!"

दिवाकरनं फोन ठेवला. पाच बाया समोर बसून चहा पितात आणि यादीत कोणी नाही. त्यानं आवकचं टेबल उघडलं. होत्या. पाचही होत्या, रीतसर क्रमांकासकट. मग तक्रारीचं टेबल उघडलं आणि शेवटचा रकाना वरून खाली पाहत गेला. क्रमांक, क्रमांक, शून्य, शून्य, क्रमांक, शून्य. आणि एका जागी काहीच नाही. डावीकडे नाव पाहायची गरज नव्हती.

 सांगतो काय झालं होतं ते. कॉम्प्युटरला विचारलेलं असतं, आवकमधली ही बाई तक्रारीतल्या एकाही ओळीत नाही ना? तो बिचारा एकेक ओळ तपासतो. या ओळीतला क्रमांक हिचा नाही. पुढच्या ओळीत शून्य, शून्य क्रमांकाची बाई जगात नाही, तेव्हा तिथंही ही नाही. पुढे येते रिकामी ओळ. इथं कोणाचा क्रमांक आहे? ठाऊक नाही. मग ही बाई इथं नाहीच, असं छातीठोक म्हणता येईल? नाही म्हणता येत. कोण जाणे, तिचाच असेल. आणि जिच्याबद्दल छातीठोक सांगता येत नाही, तिला तो यादीत घेत नाही. ती रिकामी ओळ प्रत्येकीच्या वाटेत येते, म्हणून प्रत्येकीला तो गाळतो. एक रकाना रिकामा, की अख्खी यादी कोरी.

आठ दिवस. आईच्या नावापुढे शून्य लिहायला जीव धजावला नाही, म्हणून चौदा-पंधरा घरच्या बाया आठ दिवस कोणाला दिसल्याच नाहीत.

त्यानं आईच्या ओळीवर बोट आणलं. शून्याचं बटण दाबलं. आता अभद्र वाटायला काही उरलंच नव्हतं. क्वेरी पुन्हा चालवली आणि पडदा भरला. सोळा नावं. प्रिंटर खरखरला, दिवाकरनं कागद ओढूनच घेतला. डोळे पहिल्या अक्षराला इ शोधत खाली धावले. इमरती बाई. तिचं वय पस्तीस. दुसरी इ नाही. पुन्हा वरून खाली. तिसऱ्यांदा बोट ठेवून. इंदिरा नाही.

कोरी यादी खोटी होती, तोवर कुठंतरी आशा होती हे त्याला आत्ता कळलं. आता यादी खरी होती आणि आई तिच्यात नव्हती. तो कागद टेबलावर ठेवून त्याच्यावरच डोकं टेकून पडला. आवाज न करता रडायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे बाहेरच्या खोलीतल्यांना सगळं ऐकू गेलं. कोणी आत आलं नाही.

बाराच्या सुमाराला विनता डबा घेऊन आली. चार दिवसांपासून ती शाळेच्या मधल्या सुट्टीत यायची, नाही तर हा जेवायचाच नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला.

"काय झालं? काही कळलं का?"

"माझ्यामुळं झालं," दिवाकर म्हणाला. "मी रकाना रिकामा सोडला, विनू. यादी कोरी मी केली. आणि आता भरली, तर तिच्यात आई नाही. ती नाहीच आता."

"नाहीच आता म्हणजे काय? उगी काहीही बरळू नका. द्या इकडे तो कागद."

मास्तरणीला कागद मनात वाचता येत नाही. तिनं हजेरी घ्यावी तशी एकेक नाव मोठ्यानं वाचायला घेतलं. "इमरती बाई, उमर पैंतीस, कटनी. भानुमती, उमर पचास, नरसिंहपुर आश्रम." दिवाकरनं मान वर केली. भानुमती! पण विनता थांबली नाही. "फूलवती. रामकली. सक्कू बाई, उमर अंदाजन सत्तर, बरगी आश्रम, भेड़ाघाट की सीढ़ियों पर मिलीं, बोलती कम हैं..."

ती थांबली. पुन्हा वाचलं, या वेळी हळू. "सक्कू बाई."

"काय?"

"अहो, हे सक्कू नाही. इकडच्यांच्या तोंडात श कुठं बसतो! शकु आहे हे. शकु!"

"कोण शकु?"

विनता त्याच्याकडे पाहतच राहिली. "तुमची आई, अजून कोण? इंदिरा तर लग्नात ठेवलेलं नाव. तांदळात अंगठीनं लिहिलं, अन् त्या दिवसापासून शकु संपली. डोक्याला तेल लावताना मला सांगायच्या त्या. आर्वीला सगळे शकुच म्हणत. तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

दिवाकरला खरंच ठाऊक नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दुनियेच्या बायांची नावं टेबलात भरणारा. आईला आई म्हणतात, कागदावर इंदिरा लिहितात. त्याआधी तिचं काय होतं, हे आईला कोण विचारतं!

"माझं ठाऊक आहे का?" विनतानं विचारलं. 

"कुंदा," तो म्हणाला. लगेच म्हणाला.

"मग तिचंच काहून नाही विचारलं कधी?" आणि आता तीही रडायला लागली. "चला, उठा. बरगीला कोणता आश्रम तो?"

"सत्यवती दीदींचा. सकाळी त्यांचाच तर फोन होता. पाचातली एक आईच असेल, विनू! चहा पिऊन राहिली होती!"

पण निघायच्या आधी त्यानं दोन कामं केली, आणि त्यासाठी मी त्याला अर्धा माफ करतो. मॅडमसमोर उभा राहून म्हणाला, चूक माझी आहे, लेखी देतो, पण आधी या सोळा जणींचे फोटो आजच्या आज पाठवा. मॅडमचा चेहरा उतरला, पण त्यांनी कागद हातात घेतला. आणि दुसरं, श्यामसुंदरच्या शेजारच्या दुकानात फोन लावून त्याला फोनवर बोलावून घेतलं.

"भैया, आपकी बहन नरसिंहपुर में है. सात दिन से है. मेरी गलती से लिस्ट में नहीं आई. मैंने आपको झूठ बोला, जानकर नहीं, पर बोला."

 पलीकडे कोणाचं तरी शिलाई मशीन चालू होतं. शिव्या येतील म्हणून दिवाकर फोन घट्ट धरून उभा होता.

"खाना तो खा रही है न वो?" श्यामसुंदरनं विचारलं.

"पता करके बताता हूँ," दिवाकर म्हणाला, आणि सत्यवती दीदींच्या आधी त्यानं नरसिंहपूरला फोन लावला. खात होती.

ऑटो बरगीच्या रस्त्याला लागेपर्यंत विनतानं त्याला एक पोळी बळेच खाऊ घातली. खाताना तो बोलत होता, न थांबता. आता कडीला कुलूप लावू. आईच्या गळ्यात पत्त्याचा बिल्ला घालू. घरी गेलं की आधी तिला आंघोळ, मग वरणभात. आर्वीची सगळी हकीकत विचारून घेऊ, लिहून काढू. शकु कशी होती, कोणाशी खेळायची. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग आला होता. विनता नुसती हो हो करत होती.

आश्रमाच्या फाटकाशी सत्यवती दीदी उभ्याच होत्या. सकाळचा राग गेला होता. "आपकी माता जी थीं? हे भगवान! पहले बताते नाम. उन्होंने हमें सक्कू ही बताया. पिछले शुक्रवार को पुलिस छोड़ गई थी, पैरों में छाले थे, अब ठीक हैं."

"कुछ बोलती थीं?" दिवाकरनं विचारलं.

"बोलती क्या, शुरू के पाँच-छह दिन बस एक ही रट. दिवा, दिवा. सुबह उठते ही दिवा, दरवाज़े पर जाकर दिवा. हम लोग समझे दीया माँग रही हैं. बूढ़ी हैं, पूजा-पाठ वाली होंगी. तो हम रोज़ शाम को तुलसी के पास एक दीया जला देते थे उनके लिए. देखती रहतीं."

दिवाकर जागच्या जागी थांबला. दिवा म्हणजे तो. जन्मापासून आईच्या तोंडी तो दिवाकर कधी नव्हताच. दिवा, ऊठ. दिवा, जेवला का? पाच-सहा दिवस ती रोज त्याचं नाव घेऊन दारापर्यंत जात होती. त्याच पाच-सहा दिवसांत तो सदरच्या खोलीत बसून कोरं पान पाहत होता.

"फिर?" विनतानं विचारलं.

"फिर अपने आप शांत हो गईं," दीदी म्हणाल्या. त्यांना ते चांगलंच वाटत होतं. "दो दिन से तो बिल्कुल नहीं माँगतीं. मन लग गया है यहाँ."

मागच्या अंगणात पाच बाया उन्हात बसून मटार सोलत होत्या. आई कडेला होती. कोणाची तरी जांभळी साडी नेसलेली, केस कोणीतरी नीट विंचरून बांधलेले. हात भराभर चालत होते. दाणे एकीकडे, सालं एकीकडे, घरी मटार सोलायच्या तशाच. दिवाकर धावत गेला आणि तिच्यापुढे मातीतच बसला.

"आई!"

तिनं पाहिलं. परक्या पुरुषाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"आई, मी आलो. आई, इकडे पाह्य ना."

ती सरकून बसली, शेजारच्या बाईच्या बाजूला. विनता पुढे झाली आणि खाली वाकून अगदी हळू म्हणाली, "शकु." तशी म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिनं विनताच्या हाताला धरून तिला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि मूठभर शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. दिवाकरकडे ती पाहतही नव्हती.

दिवाकरनं तिचे दोन्ही हात धरले. मटारांनी हिरवे झालेले हात. आता तिला जे नाव ठाऊक आहे तेच सांगू म्हणून त्यानं जीव एकवटून म्हटलं, "आई, मी दिवा. दिवा!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिला त्याची दया आली असावी, कारण आवाज एकदम मऊ केला तिनं.

"संध्याकाळी लावतात इथं," ती म्हणाली. "बसा थोडं. तोवर शेंगा सोला."

दिवाकरनं तिचे हात सोडले. विनतानं आपल्यापुढच्या शेंगा त्याच्याकडे सरकवल्या, आणि तो सोलायला लागला.